पारशिवनीची कॅसेट

आमचे घाटोळे काका घरी आलेल्या माणसाला चहाचं विचारत नाहीत. "काटोल लावू का उमरेड?" असं विचारतात.

नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी मला हा प्रश्न आला. मी शाळेत भूगोल शिकवते. मला वाटलं, घरमालक भाडेकरूची परीक्षा घेतायत. "उमरेड," मी म्हटलं, कारण ते जवळ आहे. काकांचा चेहरा जरा पडला. "उमरेडमंदी ड्रमवाल्याले ताप होता," ते म्हणाले, "पण ठीक आहे, तुम्ही नवीन आहात." आणि पुढचा पाऊण तास मी उमरेड ऐकलं. ताप मला काही ऐकू आला नाही. पण मला सूर आणि शिट्टी यांतलाही फरक कळत नाही, त्यामुळे माझी साक्ष धरू नये.

तर गोष्ट अशी. काका पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नवे नवे कारकून होते, तेव्हा नागपुरात 'फाटक' नावाचा एक रॉक बँड होता. रेल्वे क्वार्टरांतली चार पोरं. कॉलेजांची गॅदरिंगं, गणपतीचे मंडप, तालुक्याच्या गावची प्रदर्शनं, जिथून बोलावणं येईल तिथं जायची. त्यांची खासियत एकच, की एक गाणं दोनदा सारखं वाजवायचं नाही. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मधे वाट फुटेल तिकडे जायचं. काटोलला जे गाणं नऊ मिनिटांत आटोपलं, तेच सावनेरला चाळीस मिनिटं चाललं. मांडववाल्यानं खुर्च्या उचलायला घेतल्या तरी चाललंच होतं. खुर्च्या आपटल्याचे आवाज कॅसेटमध्ये आहेत. काका ते टाळ्यांपेक्षा कौतुकानं ऐकवतात.

बँडची रेकॉर्ड कधी निघाली नाही. जे काही उरलंय ते काकांनी टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या डब्यावर, भरलेल्या सत्तावीस कॅसेटींत. बँड केव्हाच मोडला, त्या पोरांना आता नातवंडं झाली असतील, पण काका रोज सकाळी पूजा झाली की एक गाव लावून बसतात. खिशात पेनच्या जागी पेन्सिल, कारण कॅसेटची फीत सैल झाली की ती पेन्सिलनंच फिरवायची असते. गिटारवाला डेनिस ठरलेली चाल सोडून निघाला की काका खुर्चीच्या टोकाशी येतात, बोट वर करतात आणि म्हणतात, "ऐका, आता पोट्टा सुटते." पोट्टा साठीच्या पुढं गेलाय हे त्यांना सांगून उपयोग नाही.

"एकच गाणं होय वं ते," काकू मला स्वयंपाकघरातून सांगतात. "सत्तावीस डाव तेच."

"तेच कसं?" काका म्हणतात. "तू रोज वरण करते. चव रोज तीच असते का?"

"माही असते," काकू म्हणतात.

काकांचं एक रजिस्टर आहे, सरकारी, लाल पाठीचं. त्यात प्रत्येक गावाला एक पान. कोणत्या मिनिटाला काय झालं ते बारीक अक्षरात, आणि खाली आण्यांत गुण. काटोल चौदा आणे. सावनेर साडेचौदा. उमरेड अकरा, तापामुळे. नवीन पैसे आले तेव्हा काकांचा जन्मही झाला नव्हता, तरी गुण मात्र आण्यांतच. सोळा आणे कोणालाच नाहीत. "सोळा आणे एकच झाली," ते म्हणतात. "पारशिवनी. ते गेली." आणि मग पेन्सिल कानामागं खोचून रजिस्टर मिटतात.

पारशिवनी कशी गेली, ते मला काकूंनी सांगितलं.

काकांचा धाकटा भाऊ दिवाकर नरखेडकडे राहतो, घरची संत्र्याची बाग तोच पाहतो. तरुणपणी तो आपल्या दादांबरोबर, म्हणजे काकांबरोबर, प्रत्येक कार्यक्रमाला असायचा. उंच माणूस, त्यामुळे गर्दीत टू-इन-वन डोक्यावर धरायचं काम त्याचं. काकांचा एकच नियम होता: टेप धरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, आवाज येतो. दिवाकरनं तो नियम सहा वर्षं पाळला. एकदा सावनेरला त्याच्या पायावरून सायकल गेली तरी पाळला.

पुढं दिवाकरला मुलगी झाली. बारशाला त्यानं दादांचा टू-इन-वन मागून नेला आणि आत होती त्याच कॅसेटवर सगळं बारसं भरलं. आत पारशिवनी होती. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा दात असतो, तो मोडून टाकला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. काकांनी सव्वीस कॅसेटींचे दात मोडले होते. सत्ताविसावीचा राहिला. पंगतीत बसल्यावर काकांना हे कळलं. भरल्या पानावरून ते उठले, चार माणसांत भावाला नाही नाही ते बोलले, टू-इन-वन उचलला आणि मिळेल त्या एसटीनं नागपूरला आले. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. भाऊ भावाशी बोलत नाही.

हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण काकू हसत नव्हत्या.

मागच्या महिन्यात एका सकाळी फाटकाशी एक उंच, पिकल्या केसांचा माणूस मोटरसायकलवर येऊन थांबला. मागं संत्र्यांची पेटी बांधलेली. मी शाळेला निघाले होते. वरच्या मजल्याकडे एकदा पाहून त्यानं पेटी माझ्या दारात ठेवली आणि हळदीकुंकवाची बोटं लावलेली एक पत्रिका माझ्या हातात दिली.

"ताई, एवढी दादाले देऊन द्या जी. पोरीचं लग्न आहे. मी दिली तं घेणार नाही तो."

"तुम्ही वर तर चला," मी म्हटलं.

"काही वाजवून राहिला तो," वरून येणाऱ्या आवाजाकडे बोट करून तो म्हणाला. "मधात बोललेलं चालत नाही त्याले." आणि गाडीला किक मारून गेला.

मी पत्रिका घेऊन वर गेले. काकू देवळात गेल्या होत्या. काका खुर्चीच्या टोकाशी बसून होते, बोट वर. पण टेपमधून गिटार येत नव्हती. बायकांचा गलका येत होता, एक तान्हं मूल रडत होतं, आणि धपाधप काहीतरी वाजत होतं. मला दारात पाहून काका दचकले. टेप बंद करायला त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"पारशिवनी होय," ते म्हणाले. "म्हणजे, बारसं. बसा."

मी बसले. "हे पाहा," ते हळूच म्हणाले, "पोरीच्या कानात नाव सांगितलं, आन् आता बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालून राहिल्या. ताल पाहा. ड्रमवाला काय वाजवीन असा." मग पाळणा सुरू झाला. दोन कडवी नीट झाली, तिसऱ्याला सगळ्याच बायका अडखळल्या, एकीनं मनचं काहीतरी जोडलं, दुसरीनं त्यावर यमक जुळवलं, आणि हसण्यात सगळा पाळणा भलतीकडेच निघाला. काकांचं बोट वर गेलं. "ऐका. आता सुटल्या बाया."

रजिस्टर त्यांच्या मांडीवर उघडंच होतं. पारशिवनीच्या पानावर 'सोळा आणे' खोडलेलं, आणि खाली वेगवेगळ्या शाईत गुण वाढत गेलेले. शून्य. मग दोन आणे. मग आठ. बारा. चौदा. शेवटी साडेपंधरा. एवढे गुण त्या आख्ख्या रजिस्टरात कोणालाच नव्हते. हा माणूस पंचवीस वर्षं आपल्या पुतणीचं बारसं ऐकत होता आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. मला एकदम त्यांचा राग आला, आणि मायाही.

"अर्धा आणा काहून कापला?" मी विचारलं. इतक्या वर्षांत माझीही जीभ वळली आहे.

काकांनी पेन्सिल कानामागून काढली आणि पुन्हा खोचली.

"दिवाकरचा आवाज नाही त्याच्यात," ते म्हणाले. "पोरीचा बाप आहे तो, आन् आख्ख्या बारशात एक शब्द नाही. टेप धरून उभा होता ना. मीच सांगून ठेवलं होतं. सत्तावीस कॅसेटी आहेत मॅडम, सगळ्या त्यानंच धरल्या, आन् एकीतही तो नाही." मग खोडलेल्या सोळा आण्यांवर बोट ठेवून, "दात मोडायचा माह्याकडून राहिला होता. चूक माही होती. पण तसा पंगतीतून उठून आल्यावर मंग कोणत्या तोंडानं जावं माणसानं?"

मी पत्रिका त्यांच्या मांडीवर, साडेपंधराच्या शेजारी ठेवली.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. काकांनी नवा शर्ट घातला होता आणि खांद्याला टू-इन-वन अडकवला होता. कोरी कॅसेट मिळवायला त्यांनी दोन दिवस बाजार पालथा घातला होता. मांडवाच्या दाराशी त्यांनी बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. तेवढ्यात समोरून दिवाकरराव आले. दादांना पाहिलं, टेप पाहिला, दिवा पाहिला. बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी गपकन मिटलं आणि सवयीनं दोन्ही हात टेप घ्यायला पुढं केले.

पंचवीस वर्षांनी भेटलेला भाऊ, आणि तो नियम पाळत होता. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी टेप दिवाकररावांच्या हातांवरून फिरवून माझ्या हातात दिला.

"राहू दे गा," ते म्हणाले. "मॅडम धरतात. तू बोल."

दिवाकरराव आधी चाचरले. मग दादा कसा आहेस म्हणाले, मग वहिनीची चौकशी, मग जावई, मग विहिरीचा पंप, मग यंदाचा बहर, आणि मग त्यांना कोणी आवरू शकलं नाही. काका बोट वर करून ऐकत उभे होते. पहिली बाजू संपली तेव्हा दिवाकरराव नुकते पंपावर परतले होते. मी गुपचूप कॅसेट उलटली आणि दोन्ही हातांनी टेप पुन्हा वर धरला. एका पोरीनं माझ्या पायावर सरबत सांडलं, तरी मी तोंड उघडलं नाही.