खाण्यात धरत नाहीत

सदाशिव पेठेतील आमच्या दूरपल्ला धावक मंडळाने यंदा एक ठराव एकमताने संमत केला. एकमताने म्हणजे अध्यक्ष श्यामसुंदर यांच्या मताने. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अध्यक्ष महिनाभर मुलीकडे राहून आले होते. तिथे मोबाइलवर त्यांना असं कळलं की पोळी, भात आणि साखर बंद केली की काही आठवड्यांनी शरीर स्वतःची चरबी जाळू लागतं आणि माणूस न थकता कितीही पळतो. मधल्या आठवड्यांना ठरावात ‘रूपांतर काळ’ असं नाव दिलं गेलं. रूपांतर न झालेल्या सभासदाला मॅरेथॉनच्या संघात स्थान नाही, असंही त्यात नमूद केलं. मी मंडळाचा चिटणीस असल्याने हा मजकूर माझाच.

रूपांतर काळाची सुरुवात गंभीर झाली. डोकी जड झाली, पाय उचलेनात, आणि सभासद एकमेकांशी नेहमीपेक्षाही कमी बोलू लागले. पर्वती चढताना अध्यक्ष अचानक पायरीवर बसले आणि आपण सूर्योदय पाहत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं.

तक्रार केली नाही ती फक्त शुभंकरने. हा मूळचा वाशीमचा मुलगा, खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला. गेल्या वर्षी तो मॅरेथॉन अर्ध्यात सोडून रुग्णवाहिकेतून परतला होता. यंदा त्याचे वडील रंगराव त्याला पळताना बघायला येणार होते आणि तसं त्यांनी गावी झाडून सगळ्यांना सांगितलं होतं. त्यामुळे शुभंकर अंडी, पनीर आणि पालेभाजी निमूटपणे गिळत होता.

मग संकष्टी आली. अध्यक्षांच्या घरी समितीची बैठक होती आणि प्रेमलावहिनींनी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. समिती खिचडीकडे पाहत राहिली.

“सर, साबुदाणा तर प्युअर स्टार्च आहे,” शुभंकर म्हणाला.

“असेल,” अध्यक्ष म्हणाले. “पण खिचडी खाल्ली की उपास मोडतो का?”

“नाही.”

“मग खाल्लं असं कसं म्हणता आपण?”

उपास ज्याने मोडत नाही त्याने आहारही मोडत नाही, असा खुलासा मी मूळ ठरावाला जोडला. त्यानंतर मंडळात भक्तिभाव फार वाढला. सोमवार, गुरुवार, शनिवार अशी एकेकाला आपापली दैवतं आठवली. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, इथे तर एकादशीची वाट पाहायचीही गरज उरली नाही. पुढे एका सभासदाने विचारलं की प्रसादाचं काय. प्रसाद नाकारणं शोभत नाही, असं ठरलं. तेव्हापासून दर रविवारी धावणं संपलं की कुणा ना कुणाकडे सत्यनारायण असे आणि शिरा वाडगाभर असे. पुरणपोळीबाबत थोडा वाद झाला. पण आहारात तूप भरपूर घ्यायचं आहे आणि तूप काही तळहातावर घेता येत नाही, हे अध्यक्षांचं म्हणणं सर्वांना पटलं.

आणि खरोखर, सभासद झपाट्याने पळू लागले! अंगात दम आला, चेहऱ्यांवर तेज आलं. पीठ आणि साखर सोडल्याचे फायदे या विषयावर अध्यक्षांची व्याख्यानं होऊ लागली. एकटा शुभंकर मागे पडत होता. गालफडं बसली होती, आणि आम्ही प्रसाद खाऊन घरी निघायचो तेव्हा कुठे तो सारसबागेपाशी पोचायचा.

संघनिवडीच्या दिवशी त्याची चौकशी झाली. रंगराव आदल्याच दिवशी आले होते. तेही मांडीवर डबा घेऊन कोपऱ्यात बसले.

“अहो शुभंकर, खरं सांगा. चोरून काय खाता?” अध्यक्षांनी विचारलं.

“काहीच नाही सर. भाताची टेस्टसुद्धा विसरलोय मी.”

“आहार सगळ्यांना लागू पडला. तुम्हालाच कसा नाही?”

शुभंकरने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“साहेब, पोरगं वाळून काडी झालं हो,” रंगराव म्हणाले. “खातच नाही काही.”

“सगळे वडील असंच म्हणतात.”

रंगरावांनी डबा उघडून पुढे केला. “याच्या मायनं केले डिंकाचे लाडू. घ्या ना.”

पहिला हात शुभंकरचाच गेला, आणि मागे आला. “बाबा, शर्यत होऊ द्या. अजून चान्स आहे,” तो हळूच म्हणाला.

अध्यक्षांनी लाडू उचलला. “आईच्या हातचं आहे,” ते समितीला म्हणाले. “हे खाण्यात धरत नाहीत.”

डबा फिरला. शुभंकरला संघातून वगळण्याचा ठराव मांडला गेला आणि सर्वांनी हात वर केले. हात डावे होते, कारण उजव्यांत लाडू होते.

जिन्यात रंगरावांनी मला गाठलं. रिकामा डबा त्यांनी छातीशी धरला होता. “तो पळणार नाही का मग?” त्यांनी विचारलं. नियम आहे, असं मी सांगितलं. मला मनापासून वाईट वाटलं. लाडू फार चांगले झाले होते.

वाचकहो, आमचा राग आला असेल तर येऊ द्या. पण समितीत आपण असता तर आपलाही हात वर गेला असता, याची मला खात्री आहे. हे वाचता वाचता चहात बुडवून जे बिस्किट आपण संपवलंत, ते कुठे खाण्यात धरलंत?