अर्ध्या गोणीचं झाकण

वारा आला की आमच्या हौदाचं पत्र्याचं झाकण उडायचं आणि गल्लीतल्या कोंबड्या पाण्यात उतरायच्या. मी ठरवलं, काँक्रीटचं झाकण करायचं. गवंडी कशाला, मीच करते. (शाळा चौथीपर्यंत. पण तेवढ्यातच मास्तर मला भ्यायला लागले होते.)

आमचे मालक रामहरी म्हणाले, "अगं, ते उचलंल का?"

"सिमेंटची गोणी पन्नास किलोची, मी घेतली अर्धी. म्हंजी पंचवीस किलो. तुमाला झेपत नसंल तर बाजूला बसा."

हौद कोरडाच होता. तोंडावर जुना पत्रा टाकला आणि वरून तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड झाकण ओतलं. दोन कड्या बसवल्या. आठवडाभर ओलं पोतं टाकलं, तोवर गल्लीभर पाणी मागून प्यालो.

मग टँकर आला. आता चुकला तर पुढच्या आठवड्यात.

"मावशी, झाकण काढा, मला पुढं दोन वस्त्या हायेत," ड्रायव्हर परमेश्वर ओरडला.

मी पदर खोचला, कडी धरली, ओढली. कंबरेत कड्कन वाजलं, झाकण गप्प.

"चिकटलंय," मी म्हणाले.

लेक सायली कॉलेजातून नुकतीच आलेली. तिनं झाकण मापलं. "माय, चिकटलं न्हाई. एक फूट लांब, रुंद, उंच असा काँक्रीटचा ठोकळा अडुसष्ट किलोचा भरतो. तुझ्या झाकणात तसले तीन ठोकळे हायेत."

"म्हंजी?"

"दोनशे किलो. तू सिमेंटच मोजलंस. वाळू, खडी, पाणी कुठं गेलं? उडून गेलं का?"

मालक तोंडात टॉवेल कोंबून हसत होते. मी म्हणाले, "हसू नका, माणसं बोलवा!"

चौघं आले. पहार लावून झाकण सरकवलं. पाइप आत गेला, हौद काठोकाठ भरला, माझा जीव भांड्यात पडला. लगेच मीच ओरडले, "झाका रं लवकर, कोंबड्या येतील!"

त्यांनी नीट बसवलं, हात झटकले आणि गेले. टँकरही गेला. मी घागर घेऊन हौदापाशी उभी राहिले. (तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.)

आता आमच्याकडं चहाला यायचं असेल तर एकट्यानं येऊ नये. चौघं मिळून या, आणि आधी हौदावर या.