पयले समजून घे

तायडेकाका मला फरशी कशी पुसायची ते समजावत होते. त्यांचं सांगून होईस्तोवर फरशी वाळून गेली. ‘पाह्य,’ ते म्हणाले, ‘डाग रायलेच.’

काका आमचे शेजारी. बडनेऱ्याला रेल्वेत होते, आता रिटायर होऊन अमरावतीत स्वस्थ बसलेत. ‘स्वस्थ’ आपलं म्हणायला. दुसऱ्याच्या हातात काम दिसलं की कंपाउंडवर रेलून सुरू होतात, ‘पयले समजून घे, मंग हात लाव.’ मागच्या उन्हाळ्यात माझे मिस्टर कूलरचं गवत बदलत होते. काकांनी टाकी धुण्यापासून पंपापर्यंत सगळं उलगडून सांगितलं. मध्येच मिस्टरांनी विचारलं, ‘गवत किती दाबू?’ काका भडकले. ‘आत्ताच तं सांगतलं. ध्यान कुठी हाये तुयं?’

त्यांच्या स्वतःच्या घरी कूलर काकू बसवायच्या. काका खुर्चीतून सूचना द्यायचे. त्यांना कपबशी विसळताना कुणी पाहिलं असेल, तर तो माणूस आमच्या गल्लीतला नव्हे. काकूंची मात्र तक्रार नसायची. ‘बोलू दे त्याइले,’ त्या मला म्हणायच्या. ‘त्याइचं तोंड चालू असलं का माये हात बरोबर चालते.’

हिवाळ्यापासून काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग गॅस बंद करणं.

परवा सकाळी मी विरजण मागायला गेले, तर स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला, ‘पयले गंजात पाणी टाक.’ मी मनात म्हटलं, झालं, आता बायकोला चहा शिकवून राहिले. आत डोकावले. काकू गॅसवरच्या पातेल्यासमोर उभ्या होत्या.

‘टाकलं. मंग?’

‘मंग साखर.’

‘मंग?’

‘चायपत्ती.’

काकू हातातल्या चमच्याकडे पाहत राहिल्या. ‘आता काय टाकू?’

‘चायपत्ती,’ काका म्हणाले. काकूंनी पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा सांगितलं. आवाज जरासुद्धा चढला नाही.

मला राहवेना. ‘काका, सरा, मी करते.’

‘नाई,’ ते हळूच म्हणाले. ‘तिलेच करू दे. काल तिले येत होता.’

दूध पडलं, पत्ती शेवटी पडलीच नाही. काकांनी ते गोड दूधपाणी बशीत ओतून फुर्रकन पिऊन टाकलं.

‘चांगला झाला,’ ते काकूंना म्हणाले. ‘सांजी बी तूच कर.’