सोलारवरची सुरमई

भर दुपारी कुस्तोदियोच्या छपरावरची सोलार पॅनेलं उन्हात लखलखत होती आणि खाली घरात एकही पंखा फिरत नव्हता. सकाळी माड कोसळून विजेची तार तुटली आणि गावाबरोबर त्याचीही लाईट गेली. "माझ्या घरात आता काळोख होवचो नाय," असं बोटीवरून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने सगळ्यांना ऐकवलं होतं, शेजारच्या दाजींना तर जरा जास्तच.

त्याने सोलारवाल्याला फोन लावला. "काका, लाईनीची वीज गेली की सोलारही आपोआप बंद होतो. नाहीतर तुमची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. लाईट नसताना चालवायला बॅटरी लागते. ती तुम्हीच नको म्हणालात."

"माका म्हायत होतां," म्हणून कुस्तोदियोने फोन आपटला.

एवढ्यात खानावळवाली सुगंधा टोपलीभर सुरमई घेऊन दारात हजर. "बाबानु, तुमच्याकडे सोलार आसा मां? उद्याची मोठी ऑर्डर आसा. मासळी कुसली तर मी मेलंय!"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण जिभेला हाड नसतं. "ठेव गो फ्रीजरात, बिनघोर ठेव," कुस्तोदियो म्हणून गेला.

सुगंधा गेल्यावर त्याच्या बायकोने, लिलियनने कपाळाला हात लावला. "आता काय करतलास?"

"एकय मासो कुसाक दिवचंय नाय!"

मांडववाल्या बाळाचा जनरेटर त्याने मागच्या अंगणात आणला. त्याची वायर घराच्या सॉकेटात खुपसणार, तोच लिलियन आडवी आली. "फोनवर काय आयकलंस? तो वायरमन सिद्धेश खांबावर चढलो आसा!" मग घराच्या वायरिंगला न शिवता एकटा फ्रीजरच जनरेटरला जोडला. धडधड लपवायला लिलियनने खड्या आवाजात देवाची गाणी सुरू केली.

पण वायरमनचे कान ते. "खंयतरी जनरेटर वाजता!" सिद्धेश खांबावरून ओरडला. "घराच्या वायरिंगाक लावलेलो असलो तर करंट माझ्या अंगात येतलो. तो बंद होयपर्यंत मी तारेक हात लावचंय नाय!" आणि तो उतरून खाली बसला.

बघता बघता गाव जमलं. दाजी सगळ्यांत पुढे. "कोणाचो जनरेटर तो? एकापायी अख्खो गाव उकाड्यात मरता. लाज नाय वाटणा?"

कुस्तोदियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सिद्धेशच्या जिवापुढे शेखी काय कामाची? "माझो," तो म्हणाला. "सोलार बंद आसा, सुगंधा. तुझी सुरमई जनरेटरवर आसा. पण लावलंय तो फक्त फ्रीजराक, घराक नाय. ह्यो बघ, बंद करतंय."

"गार आसा मां? मग सोलारवर आसांदे नायतर डिझेलवर!" सुगंधा म्हणाली.

जनरेटर थांबला. लिलियनही गायची थांबली. सिद्धेशने हातमोजे चढवले, आणि तसाच उभा राहिला.

धडधड चालूच होती. दाजींच्या घरामागून येत होती.

"खंय लावलास तो, दाजीनु?" सिद्धेशने विचारलं.

"घराच्या... सॉकेटात," दाजी पुटपुटले आणि लुंगी सावरत घराकडे सुटले.

"रवा, मीय येतंय," म्हणत कुस्तोदियो त्यांच्या मागून निघाला. "कसो लावचो ता माका दाखवूक येता."