लोडरचा झोका

बेबाबाईने लेकीला, कामिनीला, फोनवर ठणकावून सांगितलं, "आखाजीले ये. झोका बांधेल शे!" फोन ठेवल्यावर तिला आठवलं, झोका बांधायला दारचा निंबच उरलेला नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला, आणि पाडला कोणी? पोटच्या योगराजने, स्वतःच्या लोडरने. वर म्हणतो कसा, "माय, दुसराना लोडर येवापेक्षा घरना बरा ना!"

आता ऐन आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तोच लोडर निंबाच्या जागेवर उभा होता. चुडामण मिस्त्रीने सकाळी सगळ्या सांध्यांना ग्रीस भरलं, फिल्टर बदलला, बकेट उचलणाऱ्या जॅकला नवं सील घातलं आणि बकेट उंच करून इंजिन बंद केलं.

"संध्याकाळपर्यंत बकेट अशीच वर राहिली, म्हणजे सील पक्कं. कोणी हात लावू नका," असं बजावून तो योगराजबरोबर ऑइल आणायला धरणगावला गेला. उद्या लोडरला धुळ्यात, देवपूरच्या कामावर पोचायचं होतं.

बेबाबाई बकेटकडे बघत राहिली. उंची अगदी निंबाच्या फांदीइतकी.

"सारिका," तिने सुनेला हाक मारली, "शिडी आन."

"माय, मिस्तरी नही म्हना ना..."

"हात लावाना नही म्हना. दोर लावाना नही म्हना का?"

दुपारी कामिनी आली तेव्हा बकेटच्या दातांना दोर आणि दोराला पाट लागला होता. ती हसत सुटली. "पण माय, उद्या दुपारनी गाडी शे मन्ही."

"झोका सुटस तव्हयच आंडेर सासरले जास," बेबाबाईने रीत ऐकवली; झोका सुटेपर्यंत लेकीने माहेरीच राहायचं. "बठ."

गौराईची गाणी सुरू झाली, गल्ली गोळा झाली. कामिनीनंतर शेजारची कुंदाबाई बसली आणि तिच्या टाचा मातीत घासल्या.

"कुंदे, दोर ताणी टाका तू!" बेबाबाईने ठपका ठेवला.

"मी? तुन्ही आंडेर बठनी तव्हयच ताणाई गया!"

सारिकाने शिडीवर चढून दोर आखडला. थोड्या वेळाने पुन्हा टाचा घासल्या. मग दोर विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार झाला, दोर आणखी आखडला, पाट तरी खालीच. शेवटी कुंदाबाईने आज पुरणपोळी खाणार नाही असं जाहीर केलं. हातातल्या सांजोरीबद्दल मात्र ती काही बोलली नाही.

बाया जेवायला गेल्या. बेबाबाई सकाळपासून पाटावर बसली नव्हती. "मी काय पोर शे का?" म्हणायची. खरी गोष्ट गुडघ्यांची होती, पण ती गल्लीला कशाला सांगायची? आता पाट आपणहून खाटेइतका खाली आला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, लुगडं सावरलं आणि टेकली. लोखंड कुरकुरलं, निंबाची फांदी कुरकुरायची तसंच. तिथेच तर लहानगी कामिनी ओरडायची, "आखो उंच, माय!"

पाठीवर हात पडला. "घट धर, माय," कामिनी म्हणाली.

"हळू व!" बेबाबाई खेकसली. आणि मग, जरा वेळाने, "आखो."

तेवढ्यात योगराजची मोटारसायकल आली. मागे बसलेला चुडामण ओरडला, "अक्का, उतरा! बकेट खाली येतेय!"

"देखा!" कुंदाबाई दारातून धावत आली. "बकेट उतरनी! मी नही!" तिने तिथल्या तिथे पुरणपोळी मागवली.

"तुम्ही बठ्ठ्या लटकन्या म्हणीसन सील गयं!" योगराज चिडला.

"भाऊ, बायकांच्या वजनाने गेलं, तर देवपूरच्या मुरमाने काय झालं असतं?" चुडामण म्हणाला. त्याने बकेटच्या दांड्याखाली लोखंडी टेकू ठोकला. "आता ही हलत नाही. सील दुसरं लागेल."

"आजच बसाड मग," योगराजने फर्मावलं.

बेबाबाईने चुडामणच्या हातावर सांजोरी ठेवली. तो खायला लागला, तशी दुसरी ठेवली. चुडामणने एकदा सांजोरीकडे पाहिलं, एकदा झोक्याकडे.

"सील जळगावहून मागवावं लागेल," तो तोंड भरून म्हणाला. "परवा येईल. नाहीतर तेरवा."

योगराज डोकं धरून ओट्यावर बसला. बेबाबाईने पदर खोचला.

"सारिका, शिडी आन, दोर नीट कर. आनि कामिनी, जवाईले फोन लाव. सांग, सील अजून येल नही."