बीपवाला मीटर

हडपसरच्या रंगरावांचा मिक्सर बंद पडला आणि खापर फुटलं बायकोवर.

"सत्यशीला, तूच जाळलास. भांडं ठासून भरतेस!"

तेव्हापासून घरात चटणी बंद, बोलणं बंद. आईची अब्रू वाचवायला कंबर कसली ऋतुजानं. पोरगी आयटीआयला, इलेक्ट्रिशियन. (घरातला एक बल्बही तिनं अजून बदलला नव्हता, ते जाऊ द्या.)

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी बुधवार पेठेत.

"काका, मल्टिमीटर दाखवा. स्वस्तातला."

"घरात वापरायचाय की मेट्रो चालवायचीय?"

"मिक्सर बघायचाय."

काकांनी दोन मीटर पुढे सरकवले. "हा साधा. ह्यात बीप आहे. वायर धड असली की वाजतो, तुटलेली असली की गप्प. आकडे वाचायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी."

ऋतुजानं बीपवाल्याच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवल्या. बीऽऽप! डोळे लकाकले. हाच!

घरी येऊन मिक्सरची वायर तपासली. मीटर मुका. प्लग उघडला, तर आत कोळसा! आणि हा प्लग मिक्सरचा नव्हताच. हा तर कूलरचा. तिकडे पप्पांच्या उशाशी कूलर मिक्सरचा प्लग लावून गारेगार फिरत होता.

"पप्पा, ह्या दोन वायरी धरा. माणूस खोटं बोललं की मशीन वाजतं." (सळ्यांची टोकं अर्थात तिच्या मुठीत; अंगठा दाबला की एकमेकींना टेकायची.)

"असलं काय नसतंय."

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतंय कोण?"

बीऽऽप.

"मिक्सरला हात लावलावता?"

"आईच्यान नाय!"

बीऽऽऽऽप.

रंगरावांना दरदरून घाम. "बरं बाई, प्लग बदलला फक्त! उकाडा किती होता!"

मीटर गप्प.

नवा प्लग लागला, मिक्सर गरगरला, शेंगदाण्याची चटणी झाली. पप्पांच्या ताटात आईनं ती बोटाएवढीच वाढली. ऋतुजाची कॉलर थेट छताला.

"बघू गं तुझं मशीन," आई म्हणाली. "धर वायरी. हे आणायला गेलीस कधी?"

"कॉलेज सुटल्यावर."

बीऽऽप. (आईचा अंगठा डिट्टो लेकीसारखा दाबलेला.)

"आई, हे काय खरं नस..." ऋतुजा अडखळली. समोर पप्पा कान टवकारून बसलेले.

"काय खरं नसतं?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही. दांडी मारली."

"एकच?" आईनं विचारलं.

"एकच."

बीऽऽऽऽप.

"...अकरा."

"मीटर मात्र झकास निवडलास हो," आई म्हणाली.