चौथं बटण

सोमवारी सकाळी भूगोलाचे निवृत्त गुरुजी शिंप्याच्या दुकानात आले आणि म्हणाले, "माझी पँट राहू द्या आता. शुक्रवारी जग संपतंय."

शिंप्याला हायसं वाटलं. गुरुजींची पँट आखूड करायला येऊन आठ महिने झाले होते आणि ती दुकानात नेमकी कुठल्या ढिगाखाली आहे, हे शोधण्यातच दोन दिवस गेले असते.

"शुक्रवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

"दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

"नक्की ना? नाहीतर ऐन वेळी पुढं ढकलाल."

"पुढं ढकलायला मी काय शिंपी आहे?" गुरुजी म्हणाले.

शिंप्याने टेप गुंडाळायला घेतला. त्याच्या हातात कला होती. त्याने शिवलेला कपडा झिजायचा, पण उसवायचा नाही. अडचण एवढीच, की तो शिवून व्हायचा नाही. कोणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं, की दुसऱ्याच्या तोंडून 'या, बसा' निघतं तसं याच्या तोंडून 'परवा देतो' निघायचं. सगळी गल्ली त्याला परवामास्तर म्हणायची आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा.

बाकावर बेकरीवाला बसला होता. त्याने मुलीच्या लग्नासाठी जाकीट शिवायला टाकलं होतं. त्या मुलीचा मुलगा आता चालायला लागला होता. तो म्हणाला, "गुरुजी, हे शुक्रवारचं कुठून काढलंत?"

गुरुजींनी पिशवीतून एक जाड वही काढली. चाळीस वर्षं ते तिच्यात जगबुडीच्या खुणा टिपत होते. "एकूण बारा खुणा आहेत. ऋतू वाट चुकतील. चुकले. माणसं एका घरात बसून एकमेकांना फोन करतील. करतात. म्हातारे नाचतील आणि पोरं कंबर धरून बसतील. काल माझ्याच घरी झालं. अकरा पुऱ्या झाल्या. बारावी तेवढी राहिलीय."

"कोणती?"

"कधीच न घडणारी गोष्ट घडेल."

"मग खुशाल झोपा," बेकरीवाला मांडीवर थाप मारून म्हणाला. "हा माणूस बोललेल्या वेळेला कपडा देईल, त्या दिवशी बुडेल जग!"

दुकानातले सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल ओली करून वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. लोकांचा विश्वास बसला असं नाही, पण अविश्वास दाखवायचीही कोणाची छाती होईना. आणि मग प्रत्येकाला एकदम आपापले कपडे आठवले. दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणाल्या, "बुडायचं तर बुडू, पण नीटनेटकं बुडू. माझा झगा कधी देताय, मास्तर?"

शिंप्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "शुक्रवारी," तो म्हणाला. "संध्याकाळी ठीक पाचला."

सिस्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने वार सांगितला होता आणि वर वेळही! त्या भरात चार दहा आणि पाच यांचा हिशेब करायचं त्यांना सुचलंच नाही, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनाही नाही. गुरुवारपर्यंत त्रेचाळीस जणांना शुक्रवार, ठीक पाच अशा चिठ्ठ्या मिळाल्या. जन्मात पहिल्यांदा शिंप्याच्या मनावर कसलंही ओझं नव्हतं. त्याने शिवणयंत्रावर कापड टाकलं, दोन वेळा चहा घेतला आणि दुपारी तंगड्या पसरून झोपला.

हिशेब केला तो बायकोने. दुकानातली काजं, बटणं आणि तुरपाई तिच्याकडे असायची, शिवाय घर. चिठ्ठ्यांची थप्पी चाळून ती म्हणाली, "अहो, चारला जग संपणार आणि तुम्ही पाचची वेळ देताय?"

"मग काय झालं? शेवटच्या आठवड्यात कशाला कोणाला दुखवायचं?"

"आणि नाही संपलं तर?"

शिंप्याचा कप तोंडापाशीच थांबला. ही बाजू त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

बायकोने कपाट उघडून एक निळं कापड त्याच्या मांडीवर टाकलं. "हे आठवतंय? नऊ वर्षं झाली. माझा कोट शिवणार होतात. परवा."

"अगं, देतोच आता..."

"परवा म्हणालात तर बघा! माझी पिशवी भरलेली आहे. उद्या चारला कोट माझ्या अंगात असला तर मी थांबते. नसला तर पाचच्या गाडीने दादाकडे. मग काजं तुम्हीच करा, तुरपाई तुम्हीच करा, आणि दारातल्या त्या त्रेचाळीस जणांना तोंडही तुम्हीच द्या. मी परत यायची नाही."

जगाचा शेवट शिंप्याने चहाच्या घोटाबरोबर पचवला होता. हे मात्र घशात अडकलं.

शुक्रवारी उजाडताच तो टेप गळ्यात घालून उभा राहिला. "माप तर आहेच माझ्याकडे लिहिलेलं," तो म्हणाला.

"ते नऊ वर्षांपूर्वीचं. तुमच्या कामासारखं मी जागच्या जागी थांबले नाही. नवीन घ्या."

त्याने नवीन माप घेतलं, खडूने आखलं आणि कात्री चालवली. नऊ वर्षं साठलेलं काम हातातून वाहायला लागलं. अस्तर, बाह्या, कॉलर. यंत्र असं धडधडलं, की शेजारच्या घरातली भांडी वाजली. दोन वाजता गुरुजी हातात घड्याळ आणि काखेत घडीची खुर्ची घेऊन आले.

"घरी एकट्याने बघायला बरं वाटेना," ते ओशाळून म्हणाले. "बसू का?"

"बसा, पण अस्तरावर बसू नका!" शिंपी ओरडला.

काजं बायकोने केली, पण बटणं लावू द्यायला शिंप्याने साफ नकार दिला. चारही त्याने स्वतः लावली. चौथ्याचा दोरा दातांनी तोडला, तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. बरोबर चारला बायकोने कोट अंगात चढवला. तो असा बसला, जणू तिच्याबरोबरच वाढला होता. ती आरशासमोर एकदा वळली, परत वळली आणि पिशवी उचलून आत ठेवून आली.

चार दहाला गुरुजींनी डोळे घट्ट मिटले. चुलीवरच्या किटलीचं झाकण उडालं आणि ते किंचाळले. चार अकराला त्यांनी एक डोळा उघडला. "घड्याळ पुढं असेल," ते पुटपुटले. साडेचारला त्यांनी चहा मागितला.

आणि पाचला गल्ली भरली. त्रेचाळीस माणसं त्रेचाळीस चिठ्ठ्या नाचवत दारात उभी राहिली.

"मास्तर, जाकीट!"

"माझा झगा!"

"बाहेर या! की आजही परवा?"

शिंपी कापडाच्या ढिगामागे बसला. बायकोनेच दार उघडलं आणि ती पायरीवर उभी राहिली. निळा कोट उन्हात नुसता झळकत होता. गलबला थोडा खाली आला.

"वहिनी, कोट झकास," बेकरीवाला म्हणाला. "कुठून घेतला?"

"घेतला कुठला? यांनीच शिवलाय. आज चारची वेळ दिली होती आणि चारला अंगात घातला."

मागून कोणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे... बोललेल्या वेळेला?"

"मिनिटसुद्धा इकडचं तिकडं नाही," बायको अभिमानाने म्हणाली.

बेकरीवाल्याचा चेहरा त्याच्याच मैद्यासारखा पांढरा पडला. खिडकीत गुरुजी उठून उभे राहिले होते आणि त्यांचं बोट वहीच्या शेवटच्या ओळीवर टेकलं होतं. "बारावी!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बारावी झाली. चार दहा हा नुसता अंदाज होता. आता कोणत्याही क्षणी!"

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. सिस्टरबाईंनी आयुष्यात कधी न बोललेल्या जावेला मिठी मारली. बेकरीवाला पावात भुसा मिसळल्याचं मोठ्याने कबूल करत सुटला. कोणी घराकडे पळालं, कोणी घराकडून पळालं, दोघे जण एकमेकांवर आपटले आणि तिथेच माफी मागत बसले. लहान पोरं रडायला लागली.

बायकोने पायरीवरून हे सगळं पाहिलं. मग ती पाठमोरी झाली, क्षणभर खाली वाकली आणि परत वळली.

"गुरुजी!" तिने हाक मारली. "जरा इकडं या आणि नीट बघा. खालचं बटण कुठाय?"

गुरुजींनी चष्मा पुसला. कोटाला तीन बटणं होती. चौथ्याच्या जागी दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं.

"नाहीये," ते म्हणाले.

"मग काम पुरं झालं का?"

"नाही!" गुरुजींनी पेन्सिल काढून शेवटच्या ओळीवर फुली मारली. ते तसेच गल्लीतून धावत सुटले, "बटण राहिलंय! बटण राहिलंय!"

दारं उघडली. लोक डोळे पुसत, हसत बाहेर आले. बेकरीवाला म्हणाला, "तरी म्हटलं, परवामास्तर असा दगा देणार नाही!" आणि भुशाबद्दल कोणी विचारायच्या आत दिसेनासा झाला. जाकिटाची आठवण त्याला राहिली नाही, झग्याची सिस्टरबाईंना राहिली नाही. जाता जाता प्रत्येक जण दारात डोकावून शिंप्याला म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मास्तर. मुळीच घाई नाही."

गल्ली रिकामी झाल्यावर शिंपी ढिगामागून उठला. तो रागाने लाल झाला होता. "अगं, मी लावलं होतं! चारही लावली होती! जन्मात एकदा पुरं काम केलं आणि..."

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. तिने मूठ उघडली. तळहातावर निळं बटण होतं.

शिंप्याने तातडीने सुई उचलली. "आण इकडं. आत्ता लावतो."

बायकोने मूठ परत मिटली आणि बटण कोटाच्या खिशात टाकलं.

"परवा लावा," ती म्हणाली.